ठोकळे उचलणारा हात आणि डुकराच्या पिल्लाचं रक्त: बायोमेडिकल रिसर्चवाले नेमकं करतात काय?

रोबोटिक हाताची रील्स आता सगळ्यांनीच पाहिलीत. काळा चकचकीत हात, एकेक करून मिटणारी बोटं, अंडं उचललं तरी फुटत नाही, आणि खाली "सायन्स झिंदाबाद"च्या कमेंट्स. दुसरीकडे डुकराचं हृदय माणसाला बसवलं, डुकराची किडनी बसवली, अशा बातम्या २०२२ पासून अधूनमधून येतच असतात. पण या दोन्हीच्या मागे जे रोजचं काम चालतं ते कुणी दाखवत नाही, कारण ते दिसायला अगदीच बाळबोध आहे. एका खोलीत मोठी माणसं लाकडी ठोकळे या कप्प्यातून त्या कप्प्यात टाकतायत आणि शेजारी कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसलंय. दुसऱ्या खोलीत दोन-चार दिवसांच्या डुकराच्या पिल्लाचं रक्त काढून त्यातली प्रोटीन्स मोजतायत. एका मैत्रिणीने तर सरळ विचारलं, याचे पगार मिळतात होय गं?

मिळतात. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते, त्यामुळे रक्ताचा भाग माझ्या रोजच्या पोटापाण्याचा, आणि हाताचं प्रकरण शेजारच्या काकांमुळे जवळून बघायला मिळतं. माझं मत असं झालंय की या दोन्ही खोल्यांमधली खरी अडचण एकच आहे. वस्तू बनवणं कठीण असतंच, पण ती उपयोगी आहे हे कुठल्या आकड्यावरून ठरवायचं आणि तो आकडा आपल्याला गंडवत तर नाही ना, हे बघण्यात त्याहून जास्त वर्षं जातात.

आधी हात म्हणजे कुठला हात?

कृत्रिम हाताचे ढोबळ तीन प्रकार. पहिला फक्त दिसायचा, रबर किंवा सिलिकॉनचा, हलत नाही, शर्टाच्या बाहीतून बरा दिसतो एवढंच. दुसरा केबलवर चालणारा, म्हणजे खांद्याभोवती पट्टा असतो, खांदा पुढे ढकलला की केबल ताणली जाते आणि टोकाचा आकडा (म्हणजे हुक) उघडतो, खांदा सैल सोडला की रबराच्या ताणाने आकडा मिटतो. हा दोन फाट्यांचा आकडा १९१२ मधे अमेरिकेत पेटंट झालाय आणि त्याची भावंडं आजही वापरात आहेत. तिसरा रील्समधला, त्याला मायोइलेक्ट्रिक म्हणतात.

मायोइलेक्ट्रिक म्हणजे काय, तर स्नायू आवळला की त्यात अगदी बारीकशी वीज तयार होते, मिलिव्होल्टच्याही अंशाइतकी. हात मनगटावर तुटला तरी बोटं मिटवणारे आणि उघडणारे स्नायू कोपराच्या खाली बरेचसे शिल्लक असतात. त्या स्नायूंवर कातडीला टेकून इलेक्ट्रोड ठेवायचे. माणसाने नसलेली मूठ मिटवायचा प्रयत्न केला की आतला स्नायू आवळतो, इलेक्ट्रोडला सिग्नल मिळतो, मोटर फिरते, बोटं मिटतात. उघडायला उलट बाजूचा स्नायू. पाचही बोटांना वेगवेगळ्या मोटर असलेला हात २००७ च्या सुमारास बाजारात आला आणि तिथून रील्सना सामान मिळालं.

आपल्या भागात हा विषय काही लांबचा नाहीये. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या सगळ्या एमआयडीसीत पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी मशीन्स आहेत, आणि प्रेसवर हात जाणं म्हणजे काय हे ज्याने एकदा ऐकलंय तो विसरत नाही. आणि लोकल तर आहेच. २०१४ मधे घाटकोपर स्टेशनवर गाडी पकडताना एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले होते, तिला पुढे २०२० मधे परळला दान केलेले खरे हात बसवले. पण असे प्रत्यारोपणाचे हात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळतात, आणि मिळाले तरी शरीराने ते नाकारू नयेत म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. बाकीच्यांना कृत्रिम हातच.

मग ठोकळे कशाला?

समजा दोन कंपन्या आल्या, दोघीही म्हणतायत आमचा हात भारी. डॉक्टरने ठरवायचं कसं? इथे टेस्ट लागते.

एक जुनी आणि सोपी म्हणजे बॉक्स अँड ब्लॉक टेस्ट. लाकडी पेटी, मधे साधारण अर्धा फूट उंचीची आडवी फळी, एका बाजूला १५० ठोकळे, प्रत्येक ठोकळा एक इंच. ६० सेकंदांत एका हाताने एकेक ठोकळा उचलायचा, फळीवरून पलीकडे न्यायचा आणि सोडायचा. बोटांची टोकं फळी ओलांडून गेली पाहिजेत, नुसतं अलीकडून भिरकावलं तर मोजत नाहीत. दोन एकदम उचलले तरी एकच धरतात. धडधाकट माणूस मिनिटात साधारण ७० ते ९० ठोकळे टाकतो, वयाप्रमाणे कमीजास्त. कृत्रिम हातवाला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि हा आकडा रील्समधे कधीच दिसत नाही.

दुसरी जरा मोठी टेस्ट इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची, तिचं नाव शॅप. त्यात २६ कामं आहेत. बारा वेळा नुसत्या वस्तू उचलून ठेवायच्या, गोल, चपट्या, बारीक, त्यातल्या सहा हलक्या आणि सहा जड. आणि चौदा घरातली कामं, नाणी उचलणं, बटणं काढणं, बरणीचं झाकण फिरवणं, जगमधून पाणी ओतणं, किल्ली फिरवणं, चेन लावणं असली. गंमत म्हणजे वेळ स्वतःच मोजायचा, म्हणजे घड्याळाचं बटण त्याच हाताने दाबायचं, काम करायचं आणि परत त्याच हाताने बटण दाबून बंद करायचं. सगळं मिळून मार्क निघतात, धडधाकट हाताला ९५ ते १०० च्या घरात.

झालं की मग. मार्क जास्त तो हात चांगला. पण इथेच तर सगळं अडतं.

मार्क चांगले पडले तरी हात कपाटात का जातो?

२००७ मधे कॅनडातल्या दोन संशोधकांनी आधीचे पंचवीस वर्षांचे अभ्यास एकत्र करून पाहिलं. मोठ्या माणसांमधे इलेक्ट्रिक हात सोडून देणारे सरासरी २३ टक्के निघाले, केबलचा हात सोडून देणारे २६ टक्के. लहान मुलांमधे तर ३५ आणि ४५ टक्के. म्हणजे चारातला एक मोठा माणूस एवढी महागाची वस्तू काढून ठेवतो. आणि दोन प्रकारांमधला फरक बघा, काही फार नाही, म्हणजे नुसती टेक्नॉलॉजी वाढवून हा प्रश्न सुटलेला नव्हता.

२०१६ मधे स्वित्झर्लंडमधे झुरिकजवळ सायबॅथलॉन नावाची स्पर्धा झाली. त्यात कृत्रिम हात लावलेल्या माणसांनी कपडे वाळत घालायचे, ब्रेड कापायचा, बल्ब बसवायचा, असली घरातली कामं घड्याळ लावून. मोठमोठ्या विद्यापीठांचे इलेक्ट्रिक हात आले होते. जिंकला कोण, तर केबलवर चालणारा हात लावलेला माणूस. ना मोटर, ना बॅटरी. मला ही गोष्ट फार आवडते आणि मी ती कुणालाही सांगत सुटते.

कारण काय, तर केबल ताणली की खांद्याला कळतं किती जोर लागलाय. मोटरच्या हाताला स्पर्श नाही, ग्लास धरलाय की निसटतोय हे कळायला माणसाला सतत डोळ्याने बघत राहावं लागतं. आता काही लॅबमधे टेस्ट घेताना डोळ्यांवर कॅमेरा लावतात, नजर किती वेळ हातावर खिळलीय ते मोजतात, कारण दोन माणसांनी तेवढेच ठोकळे टाकले पण एकाला हाताकडे बघावंच लागलं नाही तर तो दमत नाही. स्टॉपवॉचला यातलं काहीच दिसत नाही. खांद्याचंही तेच. कृत्रिम मनगट धड वळत नसलं की माणूस कोपर वर उचलून, कंबरेतून वाकून तेच काम उरकतो. वेळ चांगली येते, मार्क चांगले पडतात, आणि काही वर्षांनी चांगला खांदा कुरकुरायला लागतो.

आणखी एक घोळ. टेस्टमधे फक्त कृत्रिम हाताने काम करायचं असतं. प्रत्यक्षात ज्याचा एकच हात गेलाय तो चांगल्या हाताने काम करतो आणि दुसऱ्याने फक्त धरतो. आमचे शेजारचे काका प्रेसवर काम करायचे, उजवा हात कोपराच्या खाली गेला. त्यांच्याकडे दिसायचा हात पण आहे आणि आकडा पण आहे. दुधाची पिशवी फोडताना बघण्यासारखं असतं, आकड्याने पिशवीचा कोपरा ओट्याच्या कडेला दाबून धरतात आणि डाव्या हाताने कात्रीने टोक उडवतात, थेंब सांडत नाही. मी एकदा विचारलं, काका, तो इलेक्ट्रिकवाला नाही का घेतला. तर म्हणाले, "अगं दाखवला होता त्यांनी. मस्त होता. पण घाम आला की याचं डोकं फिरायचं, मी म्हणतोय सोड आणि हा धरून बसलाय."

काकांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर ढीगभर पेपर आहेत. इलेक्ट्रोड कातडीला टेकून असतो, मधे घाम आला, सॉकेट (तुटलेल्या हातावर चढवायची खोळ) जरा सरकलं, की सिग्नल बदलतो. हात खाली ठेवून शिकवलेला सिग्नल हात डोक्याच्या वर नेला की वेगळा येतो, कारण स्नायू तेव्हा हाताचं वजनही पेलत असतो. टेस्ट होते एसी खोलीत, टेबलाशी बसून, हात छातीसमोर. आणि वापर कुठे, तर मे महिन्यात ठाणे स्टेशनला, वरच्या हँडलला धरून, शर्ट पाठीला चिकटलेला. शॅपमधे अन्न कापायचं एक काम आहे, सुरीने. आपल्याकडे पोळीचा तुकडा एका हाताने मोडता येतो का आणि वरणभात कालवता येतो का हे विचारायला हवं, आणि भात कालवायला मोटरचा हात पुढे केलात तर आधी त्याच्या सांध्यांत भात जाईल. सांगायचा मुद्दा हा की टेस्ट चुकीची नाही, ती जे मोजते ते बरोबरच मोजते, फक्त आपण त्या मार्कांना जेवढा अर्थ चिकटवतो तेवढा त्यांच्यात नसतो.

यात रक्त कुठून आलं?

घामाचा प्रश्न सोडवायचा एक रस्ता म्हणजे इलेक्ट्रोड कातडीच्या आतच ठेवायचे. सॉकेटचा प्रश्न सोडवायचा रस्ता म्हणजे हात थेट हाडात बसवायचा. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं हे ब्रेनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं, त्यातून आजचे दातांचे इम्प्लांट आले, आणि पुढे हाडात बसवलेले कृत्रिम हातपायसुद्धा. २०२० मधे स्वीडनच्याच टीमने चार जणांची माहिती छापली, हात हाडात बसवलेला, इलेक्ट्रोड आत, थोडीफार स्पर्शाची जाणीवही, आणि ही माणसं तीन ते सात वर्षं तो रोजच्या आयुष्यात वापरत होती.

पण शरीरात बाहेरची वस्तू गेली की पहिल्यांदा तिला कोण भेटतं? पेशी नाही. रक्तातली प्रोटीन्स. सेकंदांच्या आत ती त्या वस्तूवर जाऊन बसतात. आधी जी संख्येने जास्त आणि चपळ ती बसतात, मग त्यांना हुसकावून दुसरी, जास्त चिकट बसतात. लिओ व्रोमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हे दाखवलं (हा माणूस डच भाषेतला नावाजलेला कवीही होता, हे मला उगाचच भारी वाटतं). शेवटी वस्तूवर जो थर बसतो तो बघून शरीर ठरवतं की हिला सामावून घ्यायचं, की तिच्याभोवती गुठळी करायची, की सूज आणून बाहेर ढकलायचं. म्हणून शरीरात बसवायची वस्तू असेल तर रक्तातल्या प्रोटीन्सचा अभ्यास लागतोच, आणि माणसाच्या आधी तो बऱ्याचदा डुकरात होतो.

रक्तातली प्रोटीन्स म्हणजे खाण्यातली प्रोटीन्स का?

नाही. हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो, "मॅडम, प्रोटीन कमी आलंय, पावडर चालू करू का". घरात कुणाचा लिव्हरचा रिपोर्ट असेल तर काढून बघा, एसजीपीटी वगैरेच्या खाली टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो अशा ओळी असतात. मोठ्या माणसात टोटल प्रोटीन डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम. त्यातलं निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन, ते लिव्हर बनवतं, रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवतं आणि औषधं, हार्मोन वगैरे वाहून नेतं. उरलेल्याला ढोबळ नाव ग्लोब्युलिन, त्यातच अँटीबॉडी येतात, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रोटीन्स. शिवाय फायब्रिनोजेन, गुठळी करणारं. पण रक्त गोठू दिलं की ते गुठळीतच अडकतं आणि वर उरतं त्याला सीरम म्हणतात, गोठू न देता वेगळं केलं तर प्लाझ्मा. कुठल्या रंगाच्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं यावर अर्धा रिपोर्ट ठरतो तो असा.

ही प्रोटीन्स वेगळी कशी करतात? एक जुनी रीत म्हणजे जेलच्या पट्टीवर सीरमचा थेंब ठेवून वीज सोडायची. संध्याकाळच्या फास्ट लोकलमधून ठाण्याला गर्दी उतरते तेव्हा दाराशी सगळे एकच गोळा असतात, पण पुलापर्यंत जाईतो सॅकवाले पुढे निघून गेलेले असतात, मधे साधारण चालीचे, आणि पिशव्या, मुलं, म्हातारी आई घेतलेले सगळ्यात मागे, तसंच पट्टीवर होतं, अल्ब्युमिन पुढे पळतं आणि अँटीबॉडी सगळ्यात मागे रेंगाळतात. मग रंग टाकला की पट्टे दिसतात. टिसेलियस नावाच्या शास्त्रज्ञाला याच कामासाठी १९४८ चं नोबेल मिळालं. आता मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन शेकडो प्रोटीन्स एका फटक्यात ओळखतं, पण पट्टी अजून गेलेली नाही.

डुकरच का? उंदीर काय वाईट आहे?

उंदीर स्वस्त आहे, पण लॅबमधल्या लहान उंदराच्या अंगात सगळं मिळून रक्त अर्धा चमचाभरही नाही. शिवाय त्याच्या शरीराचा आकार, कातडी, हृदय, आतडी आपल्यापासून बरीच लांब. डुकराची कातडी आपल्यासारखी जाड आणि कमी केसांची, हृदयाचा आकार जवळपासचा, खाणं आपल्यासारखं सगळंच. त्यात पिल्लू म्हणजे जन्मतः दीड किलोच्या आतबाहेर, म्हणजे कमी दिवसांच्या माणसाच्या बाळाएवढं. त्याच्या मेंदूला आपल्यासारख्या वळ्या असतात, उंदराच्या मेंदूला नसतात. म्हणून नवजात बाळांच्या आतड्याचे आजार, जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार लागणं, या सगळ्यासाठी पिल्लांवर काम होतं.

आणि डुक्कर वैद्यकात काही नवीन नाहीये. १९८२ मधे बॅक्टेरियात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, तोवर डायबेटिसवाल्यांना डुकराचं नाहीतर गायबैलाचं इन्सुलिनच मिळायचं. हृदयाच्या झडपा डुकराच्या बसवतात. रक्त पातळ ठेवायला हॉस्पिटलात जे हेपॅरिन देतात ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. ज्यांना नाव काढलं तरी कसंतरी होतं त्यांच्या घरातही ते कधीतरी येऊन गेलेलं असतं.

पिल्लाच्या रक्तात एवढं काय विशेष?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो.

माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून (प्लासेंटातून) मिळतात. डुकरिणीची वार वेगळी आहे, आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामधे सहा थर येतात, आणि अँटीबॉडीसारखं मोठं प्रोटीन तिथून जाऊच शकत नाही. त्यामुळे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस पोटात राहून पिल्लू बाहेर येतं ते जवळपास कोऱ्या रक्तानिशी. अँटीबॉडी नाहीतच म्हणा, अल्ब्युमिनही कमी, टोटल प्रोटीन आपल्या निम्म्याहूनही खाली.

मग पहिलं दूध. आपण गाईम्हशीच्या ज्या दुधाचा खरवस करतो तेच, चीक. डुकरिणीच्या चिकात अँटीबॉडी ठासून भरलेल्या असतात, आणि नव्या पिल्लाचं आतडं इतकं सैल असतं की ही प्रोटीन्स न पचता तशीच्या तशी रक्तात उतरतात. पण हे दार साधारण एक दिवसच उघडं. २४ तासांनंतर, फार तर दीड दिवसाने, बंद. त्यानंतर चीक पाजला तर पोट भरतं, पण अँटीबॉडी रक्तात जात नाहीत.

आता एका वेळी दहा-बारा पिल्लं, जो आधी जन्मला तो आधी लागला, शेवटी जन्मलेला मागच्या आचळाशी धडपडतोय. म्हणजे एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली दोन भावंडं घ्या, संध्याकाळी एकाच्या रक्तातलं प्रोटीन दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतं. रिसर्चरने हे लक्षात न घेता एका पिल्लाला औषध दिलं, दुसऱ्याला नाही दिलं, आणि प्रोटीन वाढलं म्हणून टाळ्या वाजवल्या, तर तो औषधाचा नाही, चिकाचा परिणाम मोजतोय. म्हणून नीट केलेल्या अभ्यासात रक्त काढताना जन्मून किती तास झाले ते लिहितात, चीक प्यायला की नाही ते लिहितात, वजन लिहितात, भावंडं दोन्ही गटांत वाटून टाकतात.

त्यात आणखी भर लोहाची. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात फारतर ५० मिलीग्रॅम लोह, वाढायला रोज ७ च्या आसपास लागतं, आणि आईच्या दुधातून मिळतं एखादं मिलीग्रॅम. हिशोब तुम्हीच करा, आठवड्याभरात खडखडाट. म्हणून डुक्करपालनवाले पहिल्या काही दिवसांतच लोहाचं इंजेक्शन देतात. ते दिलं की नाही, कधी दिलं, यावरही रक्ताचा रिपोर्ट हलतो. आणि रक्त काढताना पिल्लाने धडपड केली, सुई नीट लागली नाही, तांबड्या पेशी फुटल्या, की सीरम गुलाबी येतं आणि काही आकडे कामातून जातात. हे आमच्याकडेही होतं, लहान मुलांच्या सँपलला तर फारच.

पण हे क्रूर नाही का?

हा प्रश्न विचारायलाच हवा आणि याला "सायन्ससाठी चालतं" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, आणि प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत स्वतःची एथिक्स कमिटी लागते, तिने हो म्हटल्याशिवाय सुरू करता येत नाही. जगभर तीन गोष्टी विचारतात, १९५९ मधे दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेल्या: प्राण्याशिवाय हे करता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी करता येईल का. रक्ताचंच घ्या. दीड किलोच्या पिल्लाच्या अंगात साधारण शंभर-सव्वाशे मिली रक्त, एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपुढे जायचं नाही असा सर्वसाधारण नियम, म्हणजे दहा-बारा मिली, तेही रोज नाही. म्हणून थेंबभर रक्तात काम भागवणारी मशीन्स आली हे चांगलंच झालं. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने आणि २०२३ मधे भारताने नियम बदलून औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धतींनाही वाट करून दिली, पण शरीरात वर्षानुवर्षं राहणारी वस्तू नुसत्या अवयवाची नक्कल करणाऱ्या चिपवर आणि पेशींवर पूर्ण तपासून होत नाही. आणि वाईट मोजमाप केलेला प्रयोग माझ्या मते सगळ्यात क्रूर, कारण त्यात प्राणीही जातो आणि कळत काहीच नाही.

डुकरात चाललं म्हणजे माणसात चालेल?

नाही, आणि तसं कुणी शहाणा म्हणतही नाही. सूज आली की माणसाच्या रक्तात सीआरपी झपाट्याने वाढतं, कोविडमधे सगळ्यांनाच पाठ झालंय. डुकरातही ते वाढतं, पण तिथे त्याच्या जोडीला डुकरात ठळकपणे वाढणारं एक प्रोटीन बघतात, त्याचं नावच पिग-मॅप. माणसासाठी बनवलेलं टेस्टिंग किट डुकराच्या प्रोटीनला ओळखेलच असं नाही, आणि ओळखलं तरी आकडा भलताच येऊ शकतो. शिवाय डुकराच्या पेशींवर एक साखर असते जी माणसाचं शरीर बघताक्षणी शत्रू समजतं. म्हणून २०२२ मधे अमेरिकेत बसवलेल्या डुकराच्या हृदयात आधी १० जनुकीय बदल केले होते आणि २०२४ च्या किडनीत ६९. त्या हृदयाचा पेशंट दोनेक महिने जगला, किडनीचाही तेवढाच. बातमीत पहिली ओळ मोठी असते, दुसरी सापडत नाही.

मग आपल्याला असा हात कधी मिळणार?

हाडात बसवलेला, इलेक्ट्रोड आत असलेला हात आपल्या इथे उद्या मिळेल असं मी म्हणणार नाही. पण आज जे आहे त्यातलं निवडायचं असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे, तिथे एकदा तरी दाखवून यावं. ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विम्यात) नाव असेल तर कामावर गेलेल्या हातासाठी तिथेही विचारावं, कामगारांना हे बरेचदा कुणी सांगतच नाही.

आणि डेमोला गेलात तर ठोकळे आणि अंडं बघून भुलू नका. डबा घेऊन जा, आपली पिशवी, आपला शर्ट, स्कूटर असेल तर तिची किल्ली. दोन्ही हातांनी मिळून करायचं एखादं काम करून बघा. हात डोक्याच्या वर नेऊन सोडतो का बघा. मोटर बिघडली तर दुरुस्ती मुंबईत होते की पार्सल बाहेर जातं, आणि तोवर काय वापरायचं, हे लिहून घ्या. घरी वापरून बघायला थोडे दिवस देतात का ते स्पष्ट विचारा, आणि देत असतील तर मे महिन्यातले मागा, डिसेंबरातले नकोत.